सेनेकाचे विचार सगळे स्टेटसला ठेवतात, पण नीरोने त्याच्या अख्ख्या घराण्याचं काय केलं?

इन्स्टाग्राम उघडलं की दोन-चार रील सोडून एखादी रील अशी येतेच. मागे संथ संगीत, पडद्यावर एका म्हाताऱ्या दाढीवाल्याचा पुतळा आणि खाली वेळ, राग किंवा दुःख या विषयावरचं एखादं जड वाक्य. वाक्याखाली नाव असतं, सेनेका.

गंमत म्हणजे तो पुतळाही अनेकदा सेनेकाचा नसतो. हाडं वर आलेला, विस्कटलेल्या दाढीचा एक ब्राँझचा चेहरा 1754 साली इटलीतल्या हर्क्युलेनियम इथे सापडला आणि तत्त्वज्ञ म्हणजे असाच दिसणार असं समजून लोकांनी त्याला सेनेका ठरवून टाकलं. पुढे 1813 मध्ये रोममध्ये खरोखर सेनेकाचं नाव कोरलेला पुतळा सापडला. त्यात दिसतो एक गुबगुबीत गालांचा, टक्कल पडलेला, दाढी नसलेला सुखवस्तू माणूस.

रीलमधला सेनेका आणि खरा सेनेका यांच्यात जेवढा फरक या दोन चेहऱ्यांमध्ये आहे, तेवढाच फरक त्यांच्या गोष्टीतही आहे. कारण खरा सेनेका गुहेत बसलेला साधू नव्हता. तो रोमन साम्राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांपैकी एक होता, नीरोचा गुरू होता आणि काही वर्षं पडद्यामागून साम्राज्य चालवणाऱ्या दोन माणसांपैकी एक होता. आणि तो एकटा नव्हता. बाप, तीन भाऊ आणि एक पुतण्या मिळून या घराण्याने रोमला साहित्यही दिलं आणि राजकारणीही दिले.

शेवटी मात्र त्यांच्यातला एकही पुरुष नीरोच्या तावडीतून सुटला नाही. सुटला तो फक्त बाप, आणि तोही आधीच वारला होता म्हणून.

कोर्दुबाचं खातंपितं घर

या घराण्याचं नाव अन्नेयस. मूळ गाव कोर्दुबा, म्हणजे आजचं स्पेनमधलं कोर्दोबा. त्या काळी स्पेन हा रोमच्या ताब्यातला प्रांत होता. तिथे स्थायिक झालेल्या रोमन कुटुंबांपैकी हे एक. सिनेटरांच्या खालोखाल मान असलेल्या 'इक्वेस्ट्रियन' वर्गातलं. या वर्गात बसायचं तर किमान 4 लाख सेस्टर्स इतकी मालमत्ता असावी लागायची. म्हणजे पैसा होता, पण रोमच्या जुन्या खानदानी घराण्यांच्या नजरेत ही मंडळी बाहेरगावचीच.

घरातला पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे थोरला सेनेका. जन्म साधारण इ.स.पूर्व 54 चा. त्याला नाद होता वक्तृत्वाचा. रोममध्ये तेव्हा वक्तृत्व म्हणजे निव्वळ हौस नव्हती. कोर्टात वकिली करायची, सिनेटमध्ये बोलायचं, मोठ्या पदावर जायचं तर भाषण यावंच लागायचं. त्यामुळे मुलांना शाळेत काल्पनिक खटले दिले जायचे आणि दोन्ही बाजूंनी वाद घालायला लावायचे.

या थोरल्या सेनेकाची स्मरणशक्ती अफाट होती. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तरुणपणी 2,000 नावं एकदा ऐकली की तो ती त्याच क्रमाने परत म्हणून दाखवायचा. वर्गातल्या दोनशेहून जास्त मुलांनी प्रत्येकी एक ओळ सांगितली तर शेवटच्या ओळीपासून पहिल्यापर्यंत उलट म्हणायचा. म्हातारपणी मुलांनी हट्ट धरला, की तुमच्या काळातले वक्ते कसे बोलायचे ते आम्हाला सांगा. मग त्याने आठवणीतून जुन्या वक्त्यांची भाषणं, त्यांचे डावपेच, त्यांच्या चुका असं सगळं लिहून काढलं. त्यातला बराचसा भाग आजही उपलब्ध आहे. एक खंत मात्र त्याला कायम राहिली. सिसेरोला ऐकायचं त्याचं वय होतं, पण यादवी युद्धामुळे तो स्पेनमध्येच अडकून पडला.

त्याची बायको हेल्व्हिया. तिला वाचनाची आणि तत्त्वज्ञानाची आवड होती, पण नवरा जुन्या वळणाचा. बायकांनी फार शिकू नये या मताचा. त्यामुळे तिचं शिक्षण अर्धवट राहिलं. हे आपल्याला कुठून कळतं? तर तिच्या मुलाने पुढे तिला लिहिलेल्या पुस्तकातून. वडिलांनी आईला शिकू द्यायला हवं होतं, अशी खंत त्याने त्यात स्पष्ट बोलून दाखवली आहे.

या जोडप्याला तीन मुलगे झाले. नोव्हेटस, सेनेका आणि मेला.

थोरला मुलगा, ज्याचं नाव बायबलमध्ये आलं

नोव्हेटसला वडिलांच्या एका सिनेटर मित्राने, गॅलियोने, दत्तक घेतलं. रोममध्ये मोठ्या माणसांना दत्तक घेणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. दत्तक गेल्यावर तो गॅलियो याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि ग्रीसमधल्या अखया प्रांताचा राज्यपाल झाला.

तिथे कोरिंथ शहरात त्याच्यासमोर एक खटला आला. काही यहुदी लोकांनी एका माणसाला धरून आणलं होतं. आरोप असा, की हा माणूस लोकांना नियमशास्त्राविरुद्ध देवाची भक्ती करायला शिकवतो. आरोपी तोंड उघडणार इतक्यात गॅलियोने प्रकरणच निकाली काढलं. गुन्हा असेल तर मी ऐकेन, पण हा तुमच्या धर्मातल्या शब्दांचा आणि नावांचा वाद आहे, तो तुमचा तुम्ही बघा, असं सांगून त्याने सगळ्यांना बाहेर काढलं.

तो आरोपी होता संत पौल. ख्रिस्ती धर्म युरोपात पोहोचवणारा सगळ्यात महत्त्वाचा प्रचारक. हा प्रसंग बायबलच्या नव्या करारात आहे. पुढे ग्रीसमधल्या डेल्फी इथे एका दगडी लेखाचे तुकडे सापडले. त्यात सम्राट क्लॉडियसच्या पत्रात गॅलियोचा उल्लेख निघाला. त्यावरून गॅलियो तिथे इ.स. 51-52 च्या सुमारास होता हे ठरवता आलं. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा आजही अभ्यासक याच एका खुंटीला बांधून मोजतात. गॅलियोसाठी ती कचेरीतली एक साधी सकाळ होती. जगाच्या इतिहासात त्याची नोंद झाली ती मात्र त्याच सकाळीमुळे.

मधला मुलगा, तत्त्वज्ञ

मधल्या सेनेकाचा जन्म साधारण इ.स.पूर्व 4 चा. लहानपणीच मावशीने त्याला कडेवर घेऊन रोमला आणलं. तरुणपणी तो तत्त्वज्ञानाच्या इतका नादी लागला की त्याने मांसाहार सोडला. वर्षभर शाकाहारी राहिला. पण सम्राट टायबेरियसच्या काळात परदेशी पंथांवर संशयाची नजर होती आणि मांस न खाणं ही त्या पंथांची खूण समजली जायची. वडिलांनी सांगितलं, पोरा, हे बंद कर. त्याने ऐकलं. सत्तेचा रोख बघून पाऊल मागे घ्यायचं, हा त्याच्या आयुष्यातला कदाचित पहिला धडा.

पुढे तो वकिली आणि भाषणांनी गाजला. इतका, की सम्राट कॅलिगुलाला ते खुपलं. सेनेकाची शैली म्हणजे चुना न घातलेली वाळू आहे, अशी टीका त्याने केली. म्हणजे दिसायला रास मोठी, पण एकाला एक धरून काही नाही. इतिहासकार डिओ सांगतो की कॅलिगुला त्याला मारणारच होता, पण हा तसाही क्षयाने लवकरच मरणार आहे असं कुणीतरी सांगितल्यामुळे तो वाचला.

इ.स. 41 मध्ये क्लॉडियस सम्राट झाला आणि त्याच वर्षी सेनेकावर आरोप आला, की त्याचे कॅलिगुलाची बहीण ज्युलिया लिव्हिला हिच्याशी संबंध आहेत. यामागे क्लॉडियसची बायको मेसालिना होती असं सांगतात. शिक्षा झाली कॉर्सिका बेटावर हद्दपारीची.

तिथे तो आठ वर्षं राहिला आणि तिथून त्याने दोन पुस्तकं लिहिली. एक आईला. मी ठीक आहे, माणूस कुठेही गेला तरी आकाश आणि स्वतःचं मन त्याच्या सोबत असतं, अशा अर्थाचं. दुसरं पॉलिबियस नावाच्या, सम्राटाच्या दरबारातल्या एका मुक्त गुलामाला. त्याचा भाऊ वारला होता म्हणून सांत्वनाचं. पण त्यात सांत्वन कमी आणि सम्राट क्लॉडियसची खुशामत जास्त. एकाच माणसाने, एकाच बेटावर बसून लिहिलेली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की सेनेका नावाचं कोडं समोर येतं.

राजगुरू

मेसालिना मारली गेली आणि क्लॉडियसने स्वतःच्याच पुतणीशी, अग्रिपिनाशी, लग्न केलं. अग्रिपिनाला आधीच्या लग्नाचा एक मुलगा होता. त्याला सम्राट करायचं तिने पक्कं ठरवलं होतं. त्यासाठी नामवंत शिक्षक हवा होता. इ.स. 49 मध्ये तिने सेनेकाला बेटावरून परत आणलं आणि जेमतेम अकरा-बारा वर्षांचा तो मुलगा त्याच्या हाती दिला.

मुलाचं नाव नीरो.

इ.स. 54 मध्ये क्लॉडियस मेला. बायकोनेच विषारी अळंबी खायला घातली, असं प्राचीन इतिहासकार सांगतात. नीरोला तेव्हा सतरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. अंत्यविधीला त्याने भाषण केलं, ते अर्थातच सेनेकाने लिहून दिलेलं. भाषणात क्लॉडियसच्या शहाणपणाचा विषय निघाला आणि लोकांना हसू आवरेना. ज्याने हे कौतुकाचं भाषण लिहिलं, त्याच सेनेकाने थोड्याच काळात क्लॉडियसची टर उडवणारं पुस्तकही लिहिलं. रोममध्ये मेलेल्या सम्राटाला देव घोषित करायची पद्धत होती. सेनेकाच्या या पुस्तकाच्या नावात 'देव होणं' या शब्दाचीच मोडतोड आहे. देव होण्याऐवजी भोपळा होणं, असा त्याचा अर्थ.

पुढची काही वर्षं सेनेका आणि सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख बुरस, या दोघांनी कारभार ओढला. एकदा आर्मेनियाचे दूत दरबारात आले होते. अग्रिपिना उठली आणि सम्राटाच्या शेजारी जाऊन बसण्यासाठी चौथऱ्याकडे निघाली. रोममध्ये बाई सिंहासनावर बसणं म्हणजे अनर्थ, सगळे घाबरून गप्प. तेवढ्यात सेनेकाने नीरोच्या कानात सांगितलं, उठ आणि आईला सामोरा जा. नीरो खाली उतरला, मुलाने आईचा मान राखला असं चित्र दिसलं आणि बाका प्रसंग टळला.

याच काळात सेनेकाने नीरोसाठी राजाच्या दयाबुद्धीवर पुस्तक लिहिलं. ज्याच्या हातात कुणालाही मारायची ताकद आहे, त्याने ती न वापरणं हीच खरी ताकद, असं त्यातलं म्हणणं. पण हे पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा नीरोचा सावत्र भाऊ ब्रिटॅनिकस जेवणाच्या टेबलावर विष पाजून मारला गेला होता किंवा त्या घटनेला फार दिवस झाले नव्हते.

मग आलं इ.स. 59. नीरोला आता आई नकोशी झाली होती. त्याने आधी तिला अशा बोटीत बसवलं, जी मध्येच मोडून पडेल. बोट मोडली, पण अग्रिपिना पोहून किनाऱ्याला लागली. घाबरलेल्या नीरोने मध्यरात्री सेनेका आणि बुरसला बोलावलं. टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग सेनेकाने बुरसकडे बघून विचारलं, सैनिकांना तिला मारायचा हुकूम द्यायचा का? बुरस म्हणाला, माझे सैनिक हे करणार नाहीत, ज्याने काम सुरू केलं त्यानेच ते संपवावं.

काम संपवलं गेलं. आणि सिनेटला जे पत्र गेलं, ज्यात अग्रिपिनानेच सम्राटाचा खून करायचा डाव रचला होता असं लिहिलं होतं, ते सेनेकाने लिहिलं. टॅसिटसच्या मते तेव्हा लोकांनी नीरोला नावं ठेवणं सोडून दिलं होतं, कारण तो टीकेच्या पलीकडे गेला होता. त्यांनी नावं ठेवली ती सेनेकाला.

30 कोटींचा तत्त्वज्ञ

दुसरा आक्षेप पैशांचा. इ.स. 58 मध्ये सुइलियस नावाच्या एका म्हाताऱ्या वकिलाने उघडपणे विचारलं, कोणत्या तत्त्वज्ञानाच्या जोरावर या माणसाने सम्राटाच्या चार वर्षांच्या दोस्तीत 30 कोटी सेस्टर्स कमावले?

हा आकडा केवढा होता? त्या काळी रोमन सैनिकाला वर्षाला 900 सेस्टर्स पगार होता. म्हणजे हे तीन लाखांहून जास्त सैनिकांच्या वर्षभराच्या पगाराएवढे पैसे झाले. डिओ तर असंही सांगतो की सेनेकाकडे हस्तिदंती पायांची 500 टेबलं होती आणि ब्रिटनमध्ये त्याने मोठमोठी कर्जं वाटून ती एकदम वसूल करायला घेतली. डिओ सेनेकाचा द्वेष करायचा, त्यामुळे त्याचं सगळंच खरं मानता येत नाही. पण सेनेका अतिश्रीमंत होता हे कुणीच नाकारत नाही.

सेनेकाने याला उत्तर दिलं ते भाऊ गॅलियोला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात. मी अजून शहाणा झालेलो नाही, मी सद्गुणांबद्दल बोलतो, स्वतःबद्दल नाही. पैसा शहाण्या माणसाकडेही असू शकतो, फक्त तो पैशाचा नोकर नसतो. हे उत्तर कुणाला पटेल, कुणाला पळवाट वाटेल. गेली दोन हजार वर्षं यावर वाद चालू आहे.

इ.स. 62 मध्ये बुरस वारला. सेनेकाला कळलं की आता आपल्या पायाखालची वाळू सरकतेय. तो नीरोकडे गेला आणि म्हणाला, माझं वय झालंय, माझी सगळी मालमत्ता परत घे आणि मला मोकळं कर. नीरोने गोड बोलून नकार दिला. तू गेलास तर लोक म्हणतील मी लोभी आहे, मी क्रूर आहे, असं म्हणून त्याने गुरूला मिठी मारली.

सेनेकाने मग स्वतःच अंग काढून घेतलं. लोकांना भेटणं बंद केलं, आजारपणाचं निमित्त सांगून घरात बसला. विषाच्या भीतीने तो नुसती रानातली फळं खायचा आणि वाहतं पाणी प्यायचा, असं सांगतात. या शेवटच्या तीन वर्षांत त्याने मित्र ल्युसिलियसला लिहिलेली 124 पत्रं आज उपलब्ध आहेत. रीलवर फिरणारे बरेचसे विचार याच पत्रांमधले. गुलामही आपल्यासारखीच माणसं आहेत, त्यांच्यासोबत जेवायला लाज कसली, हे त्यात आहे. महिन्यातून काही दिवस मुद्दाम जाडंभरडं खाऊन, जाडंभरडं नेसून राहा म्हणजे गरिबीची भीती जाईल, हेही आहे. स्वतः कधीही मारले जाऊ या सावटाखाली बसलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे कळलं की ती पत्रं वेगळी वाटू लागतात.

पुतण्या, जो सम्राटापेक्षा चांगला कवी होता

तिसरा भाऊ मेला. हा राजकारणात उतरलाच नाही. सिनेटमध्ये जाऊन भांडत बसण्यापेक्षा सम्राटाच्या जमीनजुमल्याची व्यवस्था बघण्यात पैसा लवकर मिळतो, असा त्याचा हिशेब. वडिलांच्या मते तीन भावांत सगळ्यात हुशार हाच.

या मेलाचा मुलगा लुकान. जन्म इ.स. 39 चा, कोर्दुबाचा. नीरोपेक्षा दोनच वर्षांनी लहान. नीरोने त्याला अथेन्सहून बोलावून आपल्या मित्रांच्या गोतावळ्यात घेतलं, वय नसताना पद दिलं. इ.स. 60 मध्ये नीरोने स्वतःच्या नावाने भरवलेल्या स्पर्धेत लुकानने नीरोचीच स्तुती करणारी कविता म्हणून बक्षीसही मिळवलं.

पण नीरो स्वतःला मोठा कवी आणि गायक समजायचा. आणि लुकान खरोखरच मोठा कवी होता. एकदा लुकानचं काव्यवाचन चालू असताना नीरो मध्येच उठला आणि सिनेटची बैठक बोलावून निघून गेला. त्यानंतर लुकानने जाहीरपणे कविता वाचायच्या नाहीत असा हुकूमच निघाला.

लुकान गप्प बसणारा नव्हता. त्याच्या प्राचीन चरित्रात एक किस्सा आहे. सार्वजनिक शौचालयात बसला असताना त्याचा जोरात आवाज झाला आणि त्याच क्षणी त्याने मोठ्याने नीरोच्या कवितेतली मेघगर्जनेसारख्या आवाजाची एक ओळ म्हटली. शेजारी बसलेले लोक कपडे सावरत पळून गेले. हसले म्हणून जीव जायला नको!

विनोद सोडला तर लुकानचं खरं उत्तर होतं त्याचं महाकाव्य. ज्युलियस सीझर आणि पॉम्पी यांच्यातल्या यादवी युद्धावरचं, दहा सर्गांचं, अपुरं राहिलेलं. तोवर महाकाव्य म्हटलं की देव आले, त्यांची भांडणं आली, त्यांनी नायकाला मदत करणं आलं. लुकानने कथानकातून देवांना बाहेरच काढलं. हे युद्ध माणसांनी माणसांशी केलं आणि त्यात रोमचं स्वातंत्र्य मेलं, असा त्याचा सूर. सुरुवातीला त्यात नीरोची स्तुती आहे. पुढे पुढे मात्र सीझर आणि त्याच्यानंतर आलेली सगळी एकहाती सत्ता यावर तो तुटून पडतो.

कट आणि त्यातली एक मुक्त गुलाम बाई

इ.स. 64 मध्ये रोमला आग लागली. रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. फिडल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं आणि आग लागली तेव्हा नीरो रोममध्येही नव्हता. पण त्यानंतर त्याने जळालेल्या जागेवर स्वतःसाठी भलामोठा महाल उभारायला घेतला आणि लोकांचा संताप वाढत गेला.

इ.स. 65 मध्ये पिसो नावाच्या एका खानदानी सिनेटरला पुढे करून नीरोला मारायचा कट शिजला. त्यात सिनेटर होते, सैन्यातले अधिकारी होते आणि लुकानही होता. ऐन वेळी एका नोकराने चुगली केली आणि धरपकड सुरू झाली.

या कटात एपिकॅरिस नावाची एक बाई होती. गुलामीतून मुक्त झालेली. ती मेलाची प्रेयसी होती, असं नंतरच्या एका ग्रीक लेखकाने नोंदवलंय. तिला चाबकाने मारलं, चटके दिले, हाडं खिळखिळी केली. तिने एकही नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा छळासाठी नेताना, पाय चालेनात म्हणून खुर्चीत बसवून नेत होते, तेव्हा तिने अंगावरच्या पट्टीचा फास करून जीव दिला.

आणि लुकान? स्वातंत्र्याचं महाकाव्य लिहिणाऱ्या या कवीला छळ सोसावाही लागला नव्हता. त्याने आधी इन्कार केला, मग माफीचं आश्वासन मिळाल्यावर स्वतःच्या आईचं, अकिलियाचं, नाव सांगितलं. टॅसिटसने हे दोन प्रसंग शेजारी शेजारी लिहिलेत. घरातल्या माणसांची नावं सांगणारे उच्चकुलीन पुरुष आणि अनोळखी माणसांसाठी मरणारी एक मुक्त गुलाम. त्याने वेगळी टिप्पणी फारशी केलेली नाही, गरजही नाही.

अकिलियाला कुणी शिक्षाही केली नाही आणि निर्दोषही ठरवलं नाही. तिच्याकडे फक्त दुर्लक्ष झालं.

एकामागून एक

सेनेका कटात होता की नाही, हे आजही नक्की सांगता येत नाही. एका आरोपीने त्याचं नाव घेतलं, तेवढं नीरोला पुरलं. काही कटकऱ्यांच्या मनात नीरोनंतर पिसोलाही बाजूला करून सेनेकालाच सम्राट करायचं होतं, अशी कुजबुज तेव्हा होती.

रोमपासून चार मैलांवरच्या घरात सेनेका बायको पॉलिनासोबत जेवत असताना सैनिकांनी घर वेढलं. मरणाचा निरोप आला. त्याने मृत्युपत्र मागितलं, ते द्यायला नकार मिळाला. मग मित्रांना तो म्हणाला की माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट उरली आहे, माझ्या जगण्याचा आदर्श.

नवरा-बायकोने एकदमच हाताच्या नसा कापल्या. नीरोच्या हुकमाने सैनिकांनी पॉलिनाला वाचवलं. ती पुढे काही वर्षं जगली, पण चेहऱ्यावरचा पांढुरका रंग कधी गेला नाही. म्हाताऱ्या सेनेकाचं रक्त मात्र वाहीना. त्याने पायाच्या नसा कापल्या, सॉक्रेटिससारखं विष घेतलं, ते चढेना. शेवटी गरम पाण्याच्या हमामात नेल्यावर वाफेने त्याचा जीव गेला. तेवढ्या वेळातही तो लेखनिकांना मजकूर सांगत होता.

माफीचं आश्वासन लुकानच्याही कामी आलं नाही. 30 एप्रिलला त्यानेही नसा कापून घेतल्या. रक्ताने हातपाय गार पडत असताना, अशाच तऱ्हेने मरणाऱ्या एका सैनिकावरच्या स्वतःच्याच ओळी म्हणत तो गेला. वय 25. त्याची बायको पोला पुढे कित्येक वर्षं त्याचा वाढदिवस पाळत राहिली.

गॅलियोला भावाच्या मरणाने धडकी भरली. सिनेटमध्ये तो जीव वाचवण्यासाठी विनवण्या करत असताना एका सिनेटरने त्याला देशद्रोही म्हणून हिणवलं. बाकीच्यांनी त्याला कसंबसं गप्प केलं. तेव्हा गॅलियो वाचला, पण फार काळ नाही. नीरोच्या काळातच त्याचाही शेवट झाला.

मेलाचं मरण सगळ्यात विचित्र. मुलगा गेल्यावर त्याने मुलाची येणी वसूल करायचा सपाटा लावला. त्यातून लुकानच्याच एका जिवलग मित्राशी वैर झालं. त्या मित्राने लुकानच्या नावाचं खोटं पत्र तयार केलं, ज्यात बापही कटात होता असं दिसेल. मेलाच्या संपत्तीवर डोळा असलेल्या नीरोने ते पत्र त्याच्याकडे पाठवून दिलं. इ.स. 66 मध्ये मेलानेही नसा कापल्या. उरलेलं मृत्युपत्र तरी शाबूत राहावं म्हणून त्यात मोठी रक्कम ठेवली होती नीरोचा उजवा हात टिगेलिनस आणि त्याचा जावई यांच्यासाठी! राजकारणापासून लांब राहिलं की माणूस सुरक्षित राहतो, हा त्याचा हिशेब चुकला.

दोन वर्षांनी, इ.स. 68 मध्ये, नीरोनेही पळता भुई थोडी झाल्यावर आत्महत्या केली.

सेनेका आणि भारत

या घराण्याची एक गोष्ट आपल्यालाही जोडलेली आहे. सेनेकाने भारतावर एक पुस्तक लिहिलं होतं. ते आज उपलब्ध नाही, पण रोमन लेखक प्लिनीने त्याचा उल्लेख केलाय. भारतात 60 नद्या आणि 118 लोकसमूह आहेत असं सेनेकाने लिहिल्याचं तो सांगतो. सेनेका स्वतः भारतात आलेला नव्हता, पण तरुणपणी तो इजिप्तमध्ये राहिला होता आणि रोमचा भारताशी व्यापार चालायचा तो इजिप्तच्याच बंदरांतून. त्याच शतकात लिहिलेल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर या आपल्याकडच्या गावांची नावं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती याच व्यापाराची खूण.

मग सेनेका ढोंगी होता का?

प्रश्न जुना आहे आणि उत्तरं दोन्ही बाजूंनी देता येतात. साधेपणावर लिहिलं आणि कोट्यवधी कमावले. दयेवर लिहिलं आणि आईच्या खुनाचं समर्थनही लिहून दिलं. पण दुसरी बाजूही आहे. नीरोच्या कारकिर्दीची पहिली पाच वर्षं रोमच्या चांगल्या काळांपैकी एक मानली गेली, ती सेनेका आणि बुरस होते म्हणून. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर रोमला ती पाच वर्षंही मिळाली नसती.

अडचण अशी, की हेच वाक्य सत्तेच्या जवळ गेलेला प्रत्येक शहाणा माणूस स्वतःला समजावत असतो. मी आहे म्हणून एवढं तरी बरं चाललंय. एक भाषण लिहून द्यायचं, मग एक पुस्तक, मग एक पत्र. बाहेर पडायची वेळ नक्की कधी होती, हे सेनेकाला कळलं तेव्हा दार बाहेरून बंद झालं होतं.

या घरातल्या प्रत्येकाने सत्तेशी आपापल्या परीने जुळवून बघितलं. सेनेकाने सल्ला देऊन, गॅलियोने पद सांभाळून, मेलाने पैशांपुरता संबंध ठेवून, लुकानने आधी स्तुती करून आणि मग बंड करून. वाटा वेगळ्या, शेवट एकच. सत्ता एकाच माणसाच्या लहरीवर चालत असेल तर तुम्ही किती हुशार आहात याने फारसा फरक पडत नाही, हेच या घराण्याच्या गोष्टीतून दिसतं.

त्यांचं लिखाण मात्र नीरोला मारता आलं नाही. दांतेने लुकानला होमरच्या पंगतीत बसवलं, सेनेकाच्या शोकनाटकांवर युरोपातले नाटककार शिकले आणि त्याची पत्रं आज आपल्या फोनवर येऊन पोहोचली आहेत. त्यामुळे पुढच्या वेळी सेनेकाचं एखादं वाक्य स्टेटसला ठेवाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. ते वाक्य आयुष्यात सगळं जमलेल्या माणसाचं नाही. जे जमलं नाही ते स्वतःलाच परत परत समजावणाऱ्या माणसाचं आहे.